टाइप २ मधुमेह, रक्तातले क्षार आणि हृदय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मधुमेहाच्या फाइलमधले साखरेचे आकडे घरात सगळ्यांना पाठ असतात. त्याच कागदावरच्या सोडियम-पोटॅशियमच्या ओळीवरून मात्र नजर सरळ पुढे जाते, नाहीतर आकडा ठळक छापलेला दिसला की एकदम धसका बसतो. दोन्ही टाळता येतं. हे आकडे एकटे वाचायचे नसतात, एवढं आधी लक्षात घ्या. शेजारी तीन गोष्टी लागतात: रक्त घेतलं तेव्हाची साखर, किडनीची स्थिती आणि गेल्या आठवड्याभरात पोटात गेलेल्या सगळ्या गोळ्या. खालची बहुतेक उत्तरं फिरून या तिघांपाशीच येतात.

आजार साखरेचा आहे, मग क्षार कुठून बिघडतात?

पहिली वाट लघवीची. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की किडनीला ती सगळी परत शोषून घेता येत नाही. उरलेली साखर लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते. त्या पाण्याबरोबर सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट असं सगळंच थोडंथोडं बाहेर पडतं. साखर आठवडेच्या आठवडे चढी राहिली की हा गळता नळ चालूच असतो.

दुसरी वाट किडनीची. वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने किडनी थकली की जादा पोटॅशियम बाहेर टाकण्याची तिची ताकद कमी होते. काही जणांत क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) थोडंसंच वाढलेलं असतं, पण पोटॅशियम मात्र त्या मानाने बरंच वर असतं. किडनीला ‘पोटॅशियम बाहेर टाक’ असं सांगणारं आल्डोस्टेरॉन हे संप्रेरक मधुमेहींमध्ये कधीकधी कमी पडतं, त्याचा हा परिणाम.

तिसरी वाट औषधांची, आणि रोजच्या व्यवहारात सगळ्यात जास्त घोळ हीच घालते.

हृदयाचं पोटॅशियमवाचून एवढं काय अडतं?

शरीरातलं सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. आत त्याचं प्रमाण लिटरला १४० मिलिइक्विव्हॅलंटच्या (क्षार मोजायचं एकक) आसपास, बाहेर रक्तात जेमतेम ४. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यामागची वीज या तफावतीवर चालते. ती टिकवायला प्रत्येक पेशीच्या कवचात एक पंप असतो. तो तीन सोडियम बाहेर ढकलतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्काउ यांनी १९५७ साली हा पंप दाखवून दिला आणि १९९७ साली त्यांना त्याबद्दल रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मधुमेहाचा धागा इथे जुळतो, कारण इन्शुलिन या पंपाला जोर देतं. जेवणानंतर इन्शुलिन वाढतं तेव्हा साखरेबरोबर पोटॅशियमही पेशींत जातं. इन्शुलिन कमी पडलं की ते बाहेर रेंगाळतं.

रक्तातलं पोटॅशियम ४ चं ७ झालं, तर शरीरातल्या एकूण साठ्याच्या हिशेबात ती चिमूटभर भर असते. हृदयाला मात्र ती झेपत नाही. ईसीजीवर आधी टी नावाची लाट उंच आणि टोकदार होते, मग पी लाट बसत जाते, क्यूआरएस हा ठोक्याचा मुख्य उंचवटा रुंदावतो, आणि शेवटी सगळं मिसळून नागमोडी रेघ उमटू लागते. ही रेघ दिसली म्हणजे हृदय बंद पडण्याच्या बेतात आहे. पोटॅशियम कमी झालं तर उलट टी लाट सपाट होते, तिच्यामागे यू नावाची छोटी लाट उगवते आणि ठोके अनियमित पडू लागतात.

पोटॅशियम ५.४ आलं आहे. घाबरायचं का?

रक्तातली नेहमीची पातळी ३.५ ते ५.० धरतात, काही लॅब ५.१ किंवा ५.३ पर्यंतही ‘नॉर्मल’ छापतात. ५.४ ही रात्री दवाखान्यात पळत जाण्याची पातळी नाही, पण फाइलमध्ये ठेवून विसरून जाण्याचीही नाही. आधी रक्त कसं घेतलं ते आठवा. दंडावर पट्टा बराच वेळ आवळलेला होता का? शीर सापडेना म्हणून ‘मूठ उघडा, मिटा, उघडा, मिटा’ असं चाललं होतं का? मूठ आवळताना स्नायूंतून पोटॅशियम बाहेर येतं आणि नेमकं त्याच हाताच्या रक्तात उतरतं. सुईतून रक्त जोरात ओढलं गेलं, किंवा नळी तासन् तास तशीच पडून राहिली, तर तांबड्या पेशी फुटून त्यांच्यातलं पोटॅशियम नमुन्यात मिसळतं. आकडा वर जातो, शरीरात मात्र काहीच वाढलेलं नसतं. रिपोर्टखाली बारीक अक्षरांत ‘हिमोलाइज्ड’ असा शेरा असेल तर तो हाच प्रकार.

म्हणून पहिलं काम फेरतपासणीचं. पट्टा सैल, मूठ न आवळता, आणि नमुना लगेच लॅबमध्ये. तीच पातळी पुन्हा आली तर क्रिएटिनिन, ईजीएफआर (किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज) आणि गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जायचं.

आकडा ६ च्या वर असेल, किंवा ५.५ च्या वर असून सोबत अशक्तपणा, ठोके चुकल्यासारखं वाटणं, लघवी कमी होणं यातलं काही असेल, तर फेरतपासणीची वाट घरी बसून पाहू नका. त्याच दिवशी ईसीजी झाला पाहिजे.

मधुमेहात पोटॅशियम वाढतं की कमी होतं? दोन्ही ऐकलंय.

दोन्ही खरं आहे, आणि कधीकधी एकाच माणसात एकाच दिवशी. किटोॲसिडोसिसमध्ये, म्हणजे इन्शुलिनअभावी रक्तात किटोन नावाची आम्लं साठतात तेव्हा, हे स्पष्ट दिसतं. रुग्ण येतो तेव्हा अनेक दिवस लघवीवाटे पोटॅशियम वाहून गेलेलं असतं, साठा रिता होत आलेला असतो. पण इन्शुलिनचा अभाव आणि दाटलेलं रक्त यांमुळे उरलंसुरलं पोटॅशियम पेशींतून रक्तात आलेलं असतं. रिपोर्टमध्ये ५.६ दिसतं. मग इन्शुलिन सुरू होतं, पोटॅशियम झपाट्याने पेशींत परततं आणि काही तासांत रक्तातला आकडा धोकादायकरीत्या खाली येऊ शकतो.

नातेवाईकांचा एक नेहमीचा आक्षेप असतो: साखर एवढी वाढली असताना इन्शुलिन द्यायचं सोडून आधी सलाईनमधून पोटॅशियम का देत बसले? कारण सुरुवातीलाच पोटॅशियम ३.५ च्या खाली असेल आणि त्यावर इन्शुलिन दिलं, तर हृदयाची लय बिघडून जीव जाऊ शकतो. साखर आणखी तासभर चढी राहिलेली चालते. तिथे डॉक्टर दिरंगाई करत नसतात.

बीपीच्या गोळीने पोटॅशियम वाढतं म्हणे. मग ती बंद करू का?

स्वतःच्या मनाने नाही. या प्रश्नावर जरा थांबू, कारण नुकसान सर्वाधिक इथेच होतं, आणि तेही दोन्ही बाजूंनी.

रामिप्रिल, एनालाप्रिल या गटातल्या आणि टेल्मिसार्टन, लोसार्टन या गटातल्या गोळ्या मधुमेहींना फक्त रक्तदाबासाठी दिलेल्या नसतात. लघवीतून प्रथिनं जात असतील तर त्या किडनीची घसरण मंदावतात, आणि हृदयाचं पंपिंग कमी झालं असेल तर आयुष्य वाढवतात. त्या आल्डोस्टेरॉन कमी करतात, म्हणून पोटॅशियम थोडं वाढतं. स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन आणि नवीन फिनेरेनोन ही औषधं थेट आल्डोस्टेरॉनलाच अडवतात, त्यामुळे तिथे वाढ जास्त दिसते.

यातला एक इतिहास सांगण्याजोगा आहे. १९९९ साली रेल्स नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. हृदय गंभीररीत्या कमजोर झालेल्या रुग्णांत स्पायरोनोलॅक्टोनने मृत्यू ३० टक्क्यांनी कमी केले. स्वस्त, जुनी गोळी आणि एवढा फायदा; डॉक्टरांनी ती भराभर लिहायला सुरुवात केली. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात नंतर हिशेब काढला गेला. वाढलेल्या पोटॅशियममुळे रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण १९९४ मध्ये दर हजार रुग्णांमागे २.४ होतं, ते २००१ मध्ये ११ वर गेलं. तीच गोळी चाचणीत तारत होती आणि बाहेर काहींना बाधत होती, याचं कारण रक्ततपासणी. चाचणीतल्या रुग्णांचं पोटॅशियम ठरलेल्या दिवशी तपासलं जात होतं आणि किडनी फार बिघडलेल्यांना घेतलेलंच नव्हतं. बाहेर गोळी पोहोचली, तपासणी पोहोचली नाही.

तेव्हा अशी गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन करून घ्या. क्रिएटिनिन पहिल्या महिन्यात ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तरी बहुधा गोळी चालू ठेवतात. पोटॅशियम वाढलं तर आधी मीठ बदललंय का, वेदनाशामक गोळ्या चालू आहेत का, बद्धकोष्ठता आहे का हे पाहतात, आहार सुधारतात, लघवीची गोळी जोडतात. पोटॅशियम आतड्यातच बांधून ठेवणारी पॅटिरोमर किंवा सोडियम झिर्कोनियम सायक्लोसिलिकेट अशी औषधंही आता आहेत. हृदयाला आणि किडनीला वाचवणारी गोळी थांबवणं हा शेवटचा उपाय. ती थांबवलीच तर आकडा खाली आल्यावर पुन्हा कधी सुरू करायची, हे विचारून घ्या. ‘वाढलं म्हणून बंद केली’ आणि मग दोन वर्षं कुणाला तिची आठवणच नाही, असं व्हायला नको.

पायाची सूज उतरायला लघवीची गोळी चालू आहे. तिचं काय?

फ्युरोसेमाइड आणि टोर्सेमाइडमुळे पोटॅशियम व मॅग्नेशियम दोन्ही कमी होतात. हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड यांच्याने पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि शिवाय सोडियमही घटतं. ज्येष्ठांमध्ये तर सोडियम फार पटकन उतरतं. या दुसऱ्या गटाची आणखी एक खोड म्हणजे पोटॅशियम उतरलं की स्वादुपिंडातून इन्शुलिन कमी सुटतं आणि साखर वाढते. लघवीची गोळी सुरू झाल्यावर पथ्य तेच असून साखर चढायला लागली असेल, तर मधुमेहाची गोळी वाढवण्याआधी पोटॅशियम तपासून पाहायला हरकत नाही.

हृदयासाठी डिगॉक्सिन ही गोळी घेणाऱ्यांनी विशेष जपायचं. पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम कमी असेल तर नेहमीच्या मात्रेतही डिगॉक्सिनची विषबाधा होऊ शकते. भूक जाणं, मळमळ, पिवळसर दिसणं, नाडी मंद होणं ही तिची लक्षणं.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनने पोटॅशियम वाढतं का?

उलट. २०२२ मध्ये सहा मोठ्या चाचण्यांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा साखरेच्या या ग्लिफ्लोझिन गटातल्या औषधांनी पोटॅशियम ६ च्या वर जाण्याचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी कमी केलेला दिसला. मॅग्नेशियमही किंचित वाढतं. हृदय कमजोर असलेल्यांना या गोळ्या हल्ली मधुमेह नसतानाही देतात.

धोका दुसरीकडे आहे. या गोळ्या साखर लघवीतून बाहेर काढतात, म्हणून पाणीही जास्त जातं. आणि उपाशी राहणं, उलट्या, शस्त्रक्रिया अशा वेळी किटोॲसिडोसिस होऊ शकतो, तोही ग्लुकोमीटरवर साखर २०० च्या आत दिसत असताना. मळमळ, पोटदुखी, धाप आणि साखर ठीक, असं असेल तर ‘साखर तर चांगली आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका. रक्तातले किटोन तपासायला सांगा. ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी या गोळ्या किमान तीन दिवस बंद ठेवतात, एर्टुग्लिफ्लोझिन असेल तर चार दिवस.

सोडियम १३० आलं. जेवणात मीठ वाढवू का?

त्या वेळची साखर किती होती ते आधी बघा. साखर खूप चढली की पेशींतलं पाणी रक्तात ओढलं जातं आणि सोडियम पातळ होऊन कमी दिसतं. १०० च्या वरच्या प्रत्येक १०० मिलिग्रॅम साखरेमागे सोडियममध्ये साधारण १.६ मिळवायचे, असा ठोकताळा आहे. काही जण २.४ धरतात. म्हणजे साखर ४०० असेल तर मापलेलं १३० हे प्रत्यक्षात १३५ च्या आसपास. साखर उतरली की सोडियम आपोआप जागेवर येतं, मीठ खायची गरज नाही.

साखर आटोक्यात असून सोडियम कमी असेल तर कारण शोधावं लागतं: लघवीची गोळी, कमजोर हृदयामुळे शरीरात साठलेलं पाणी, किडनी, थायरॉइड, नैराश्यावरच्या काही गोळ्या. हृदय कमजोर असलेल्या माणसाला अशा वेळी मीठ वाढवून दिलं तर सूज आणि धाप वाढते. त्याला बहुधा पाणी मोजून प्यायला सांगतात. ज्याची त्याची कारणं वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याला लागू पडलेला सल्ला इथे उपयोगाचा नाही.

गोंधळल्यासारखं बोलणं, सतत झोप, तोल जाणं, आकडी (फिट) येणं ही कमी सोडियमची गंभीर लक्षणं. त्यावर उपचार रुग्णालयातच, आणि तेही सावकाश. सोडियम फार झपाट्याने वाढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

मॅग्नेशियम तर माझ्या रिपोर्टमध्ये नसतंच.

बरोबर आहे. नेहमीच्या इलेक्ट्रोलाइट तपासणीत सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड एवढंच येतं. मॅग्नेशियम वेगळं सांगावं लागतं. वेगवेगळ्या पाहण्यांत टाइप २ मधुमेह असलेल्यांपैकी साधारण १४ ते ४८ टक्के लोकांत ते कमी आढळलं आहे. साखर चढी राहिली की ते लघवीतून जातं, लघवीच्या गोळ्यांनी जातं, दीर्घकाळच्या जुलाबांनी जातं. आणि वर्षानुवर्षं सवयीने घेतल्या जाणाऱ्या ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोलसारख्या ॲसिडिटीच्या गोळ्यांनी आतड्यातून त्याचं शोषण घटतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबद्दल २०११ मध्येच इशारा दिला होता.

हृदयाच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या. मॅग्नेशियम कमी असलं की ठोक्यानंतर हृदयाच्या पेशी पूर्ववत व्हायला लागणारा वेळ, म्हणजे ईसीजीवरचं क्यूटी अंतर, लांबू शकतं आणि त्यातून घातक लय सुरू होऊ शकते. दुसरं म्हणजे, मॅग्नेशियम भरून काढल्याशिवाय पोटॅशियम वर येतच नाही. पोटॅशियमचं सिरप आठवडाभर घेतलं तरी आकडा ३.१ वरून हलत नाही, अशी तक्रार असेल तर मॅग्नेशियम तपासलं का, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. किडनीत मॅग्नेशियमचा अडसर दूर झाला की पोटॅशियम लघवीत गळत राहतं, म्हणून असं होतं.

याचा अर्थ दुकानातून मॅग्नेशियमच्या गोळ्या आणून सुरू करा असा नाही. ईजीएफआर ३० च्या खाली असलेल्यांत ते साठून नाडी मंद होऊ शकते, स्नायू लुळे पडू शकतात. किडनी चांगली असणाऱ्यांना त्याने फार तर जुलाब होतात. रक्तातला आकडा नॉर्मल आला तरी कमतरता नाहीच असंही नाही. शरीरातल्या मॅग्नेशियमचा जेमतेम एक टक्का भाग रक्तात असतो.

कॅल्शियमचं काय?

ते कमी झालं तर क्यूटी अंतर लांबतं, वाढलं तर आखडतं. मधुमेहात त्याचा प्रश्न मुख्यतः किडनी बरीच बिघडल्यावर येतो, तेव्हा फॉस्फेट आणि पॅराथायरॉइड (कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक) यांच्याबरोबर ते तपासतात. आल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन कमी असेल तर एकूण कॅल्शियम उगाच कमी दिसतं, एवढं ध्यानात ठेवा.

साखर उतरली की धडधडतं. ते घाबरल्यामुळेच ना?

थोडं त्यामुळे, पण तेवढ्यावर भागत नाही. साखर ७० च्या खाली घसरते तेव्हा शरीर ॲड्रेनॅलिन सोडतं. त्याने नाडी वाढते, घाम फुटतो, आणि पोटॅशियम पेशींत ढकललं जाऊन रक्तात कमी होतं. क्यूटी अंतरही लांबतं. तरुण, निरोगी हृदय हे सहज पचवतं. ज्यांना आधी हृदयविकार आहे, जे लघवीची गोळी घेतात आणि वर इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर खाली आणणारी गोळी घेतात, त्यांच्यात रात्रीची घसरलेली साखर हृदयाच्या लयीलाही धोक्याची असते. म्हणूनच अशांच्या बाबतीत डॉक्टर एचबीए१सीचं (साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीचं) लक्ष्य थोडं सैल ठेवतात. तो ढिलेपणा नव्हे.

बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंद ठेवणाऱ्या बीपी-हृदयाच्या गोळ्या, घेणाऱ्यांना धडधड जाणवत नाही. घाम मात्र येतो. त्यांनी घामाला इशारा मानायचं.

किडनीच्या आजारात पोटॅशियम चढं राहत असेल तर साखर उतरल्यावर संत्र्याच्या रसाऐवजी ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखरेचं पाणी घ्या. मात्रा तीच: १५ ग्रॅम, मग १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं.

उलट्या-जुलाब झाले तर कोणत्या गोळ्या थांबवायच्या? आणि ओआरएस मधुमेहाला चालतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण भीतीने ते टाळणारे खूप आहेत. चालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर ओआरएसमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. २०० मिलिलिटरच्या पेल्यात तीन ग्रॅमहूनही कमी ग्लुकोज. ते चवीसाठी घातलेलं नसतं; आतड्यात सोडियम आत शिरतं ते ग्लुकोजचा हात धरून, म्हणून ते काढून टाकलं तर ओआरएसचा उपयोगच जातो. खेळाडूंसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पेयांत मात्र लिटरला ६० ग्रॅमपर्यंत साखर असते आणि मीठ फारच थोडं. पाकिटावर मापं वाचा, एकसारख्या दिसणाऱ्या बाटल्यांवर जाऊ नका. मधुमेहाबरोबर हृदय किंवा किडनी कमजोर असेल तर किती ओआरएस प्यायचं हे विचारून ठरवा.

आता गोळ्या. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना काही औषधं अडचणीची ठरतात: मेटफॉर्मिन, ग्लिफ्लोझिन गट, रामिप्रिल-टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्या, लघवीच्या गोळ्या, आयबुप्रोफेन-डायक्लोफेनाकसारख्या वेदनाशामक गोळ्या. जेवण जात नसेल तर ग्लिमेपिराइडही. खाणंपिणं पूर्ववत होऊन एक-दोन दिवस गेले की बहुतेक पुन्हा सुरू करता येतात. यातल्या तुमच्या नेमक्या कोणत्या आणि किती दिवस, ही यादी बरं असतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि औषधांच्या डब्यात ठेवा. रात्री दोन वाजता उलट्या होत असताना फोनवर हे ठरवणं कठीण जातं.

इन्शुलिन घेत असाल तर ते पूर्ण बंद करायचं नाही. जेवण नसलं तरी आजारपणात साखर वाढते. मात्रा बदलेल, पण दीर्घकाळ चालणारं इन्शुलिन सुरूच राहतं.

सेमाग्लुटाइड, लिराग्लुटाइड या साखर आणि वजन उतरवणाऱ्या औषधांच्या सुरुवातीच्या आठवड्यांत मळमळ-उलट्या होतात आणि माणूस नकळत पाणी कमी पितो. लघवीची गोळी सोबत असेल तर त्या काळात क्षार आणि क्रिएटिनिन एकदा पाहून घ्या.

‘लो सोडियम’ मीठ वापरलं तर बीपी आणि हृदय दोन्ही सांभाळलं जातं ना?

किडनी चांगली असेल आणि पोटॅशियम वाढवणारी गोळी नसेल तर हो. त्या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. चीनमधल्या खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड असलेल्या मिठाने पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं. पण गंभीर किडनी आजार असलेल्यांना आणि पोटॅशियम राखून ठेवणाऱ्या लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांना त्या अभ्यासात घेतलेलं नव्हतं.

बऱ्याच मधुमेहींना हीच काळजी लागू पडते. टेल्मिसार्टन चालू, ईजीएफआर ४५, आणि घरात कुणीतरी मायेने ‘हृदयाला चांगलं’ मीठ आणलेलं. डॉक्टर आहारात फळं किती हे विचारतात, मीठ कोणतं हे क्वचित विचारतात. तुम्हीच सांगा. पाकिटावर पोटॅशियम क्लोराइड लिहिलं आहे का पाहा. साधं मीठच कमी करून दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आणणं, म्हणजे चहाचा जेमतेम एक सपाट चमचा, हे किडनीच्या आजारातही सुरक्षित आहे.

पोटॅशियमच्या भीतीने फळं-भाज्या सोडायच्या का?

आकडा ५ च्या आत असेल तर मुळीच नाही. पोटॅशियमयुक्त आहाराने रक्तदाब उतरतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान ३.५ ग्रॅम पोटॅशियम सुचवते. आकडा वारंवार वाढत असेल तरच केळी, बटाटा, टोमॅटो, सुकामेवा, फळांचे रस यांचं प्रमाण आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या. बटाटा सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून दिलं तर बरंच पोटॅशियम निघून जातं. डबाबंद आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांत घातलेले पोटॅशियमचे क्षार भाजीतल्या पोटॅशियमपेक्षा जास्त प्रमाणात शोषले जातात, तेव्हा काटछाट तिथून सुरू करा.

कोणती लक्षणं दिसली तर ताबडतोब निघायचं?

छातीत दुखणं किंवा दडपण, चक्कर येऊन शुद्ध हरपणं, ठोके अनियमित किंवा खूप मंद होणं, पाय उचलता न येण्याइतका अशक्तपणा, गोंधळलेलं बोलणं, धाप, आकडी (फिट) येणं. यांत थांबायचं नाही.

वाईट भाग असा की पोटॅशियम ६.५ असतानाही माणसाला काहीच जाणवत नाही, असं होतं. त्यात मधुमेहाने नसा बधिर झाल्या असतील तर हृदयविकाराचा झटकाही छातीत न दुखता, फक्त घाम, मळमळ किंवा थकव्याच्या रूपात येऊ शकतो. पायात रात्री गोळे येणं हे लक्षण मात्र लोक उगाच क्षारांच्या खात्यावर टाकतात. त्यामागे नसांचा त्रास, रक्तपुरवठा, दिवसभराचे श्रम असं बरंच काही असतं. क्षार तपासा, पण नॉर्मल आले तर तिथेच अडकून राहू नका.

ईसीजी नॉर्मल आला, घड्याळातलाही ठीक दाखवतो. मग रक्त कशाला?

कारण पोटॅशियम बऱ्यापैकी वाढलेलं असूनही ईसीजी नॉर्मल असू शकतो. मनगटावरचं घड्याळ एकाच बाजूने हृदयाकडे पाहतं; ठोके अनियमित आहेत का एवढं ते सांगू शकतं, पोटॅशियम सांगू शकत नाही.

पोटॅशियम खूप वाढल्यावर रुग्णालयात इन्शुलिन देतात. साखर नॉर्मल असतानाही?

हो, आणि सोबत ग्लुकोज देतात. इन्शुलिन इथे साखरेसाठी नसतं, पोटॅशियमला पेशींत ढकलण्यासाठी असतं. त्याआधी बहुधा कॅल्शियमचं इंजेक्शन देतात; ते पोटॅशियम कमी करत नाही, पण मिनिटांत हृदयाला सावरतं आणि अर्धा-एक तास मिळवून देतं. पुढचे काही तास साखर दर तासाला मोजतात, कारण ग्लुकोजचा परिणाम आधी ओसरतो आणि इन्शुलिन मागे रेंगाळतं.

हे सगळं किती वेळा तपासायचं?

किडनी चांगली, वर सांगितलेल्या गोळ्या नाहीत, तर वर्षातून एकदा क्रिएटिनिनबरोबर. त्या गोळ्या असतील तर सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर एक-दोन आठवड्यांत आणि मग डॉक्टर सांगतील तसं. ईजीएफआर ६० च्या खाली गेल्यावर तीन ते सहा महिन्यांनी हा साधारण अंतराचा अंदाज. लघवीच्या संसर्गासाठी कोट्रायमॉक्साझोल लिहून दिलं तर ‘मी टेल्मिसार्टन घेतो’ हे तिथेच सांगा. हे प्रतिजैविक पोटॅशियम वाढवतं आणि दोन्ही मिळून काही दिवसांतच आकडा चढू शकतो.

अशक्तपणा वाटतो म्हणून रोज इलेक्ट्रोलाइटचं पाकीट घेतलं तर चालेल का?

नको. उलट्या, जुलाब किंवा भरपूर घाम नसेल तर रोजच्या जेवणातून क्षार पुरेसे मिळतात. त्या पाकिटांत सोडियम असतं, अनेकांत पोटॅशियमही असतं, आणि दोन्हींचा हिशेब तुमच्या बीपीच्या गोळीला व किडनीलाच चुकता करावा लागतो. अशक्तपणाचं कारण शोधताना साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासा, आणि मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ सुद्धा.